क्रोटनचे रंग का उतरतात, पानं का गळतात? निगा, गुटी आणि किडी

पानरंगी

नर्सरीतून लालभडक क्रोटन आणला, आठवड्याभरात खालची पानं गळली आणि उरलेली तीन महिन्यांत हिरवट पडली, असं इतक्या घरांत होतं की क्रोटन नाजूक म्हणून उगाच बदनाम झालाय. कोकणात कुंपणाला लावलेला हाच क्रोटन पुरुषभर उंच होतो आणि त्याच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. झाड चिवट आहे. त्याला दोनच गोष्टी सोसत नाहीत, उजेडाची कमतरता आणि वारंवार होणारी हलवाहलव.

आधी रंगाचं बघू. पानातला हिरवा रंग हरितद्रव्याचा, पिवळा-नारिंगी कॅरोटिनॉइडचा आणि लाल-जांभळा अँथोसायनिनचा. उजेड कमी पडला की झाड जास्त हरितद्रव्य तयार करतं, त्याखाली पिवळा झाकला जातो, आणि लाल तर नीट तयारच होत नाही. म्हणून रंग उतरलेल्या क्रोटनला खत घालून काही फरक पडत नाही. नत्र जास्त झालं तर तो आणखी हिरवा होतो.

रोज ४ ते ५ तास थेट ऊन, तेही सकाळचं, हे चांगलं प्रमाण. पूर्वेची बाल्कनी सगळ्यांत उत्तम. दक्षिणेची हिवाळ्यात छान, एप्रिल-मेमध्ये तिथे ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट लावावी. पश्चिमेकडे दुपारी दोननंतरचं ऊन पानं भाजतं. उन्हाच्या बाजूच्या पानांवर मधोमध तपकिरी, कागदासारखे कोरडे डाग पडतात. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात सकाळी दहानंतर सावली द्यावीच लागते. उत्तरेच्या बाल्कनीत लाल जातींचा हट्ट धरू नये, तिथे पिवळ्या ठिपक्यांचा गोल्ड डस्ट त्यातल्या त्यात बरा रंग धरतो.

धाग्यात आपापले प्रश्न विचारा. जागा कोणत्या दिशेला आहे, कुंडी किती इंची आहे आणि पाणी कुठलं घालता, एवढं लिहिलंत तर उत्तर देणं सोपं जाईल.

ठाण्याची_बाल्कनी

पेट्रा जातीचा क्रोटन आहे. पूर्वेची बाल्कनी, १० इंची कुंडी, नळाचं पाणी. नवी पानं हिरवी आणि पिवळ्या शिरांचीच येतात, लाल एकही नाही. ऊन कमी पडतंय का?

पानरंगी

पेट्राची नवी पानं तशीच असतात. आधी हिरवं पान आणि पिवळ्या शिरा, मग पान जून होत जाईल तसतशा शिरा नारिंगी आणि लाल होतात. शेंड्याकडे पिवळं आणि खाली लाल अशी उतरण दिसत असेल तर झाड उत्तम आहे. चार-पाच महिन्यांची खालची पानंही हिरवीच राहिली असतील तर मात्र उजेड कमी. कुंडी कठड्याजवळ सरकवा, पण एकदम नको. दर तीन-चार दिवसांनी फूटभर, म्हणजे दोन आठवड्यांत तिथे पोचेल. सावलीत तयार झालेलं पान कडक उन्हात भाजतंच.

जांभा_माती

हलवाहलवीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सगळ्यांत जास्त क्रोटन तिथेच वाया जातात.

नर्सरीत झाड शेडनेटखाली, दमट हवेत, दिवसातून दोनदा पाणी मिळत वाढलेलं असतं. घरी आल्यावर उजेड, दमटपणा, पाणी सगळं एकाच दिवशी बदलतं. क्रोटन त्यावर खालची पानं टाकतो. यात रोग काही नाही. पण लोक घाबरून तीन गोष्टी करतात: जास्त पाणी घालतात, खत घालतात आणि जागा पुन्हा बदलतात. झाड मरतं ते या तिघांमुळे.

आणल्यावर पहिले तीन आठवडे त्याला एका जागी राहू द्या. जागा उजेडाची पण थेट उन्हाची नको. मातीत बोट पहिल्या पेरापर्यंत घालून बघा, तेवढं कोरडं लागलं तरच पाणी. पानं गळाली तरी खोड नखाने किंचित खरवडल्यावर आत हिरवं दिसतंय ना, तेवढं बघा. हिरवं असेल तर ४ ते ८ आठवड्यांत डोळे फुटतात.

एसीच्या झोताखाली आणि सतत उघडबंद होणाऱ्या दाराशेजारी क्रोटन कधीच ठेवू नये. नाशिक-पुण्याच्या थंडीत रात्री पारा १० च्या आसपास गेला की वाढ थांबते आणि थंड वाऱ्याने पानं गळतात. तेव्हा कुंडी भिंतीच्या आडोशाला घ्या, पाणी निम्म्यावर आणा आणि सकाळी ऊन आल्यावरच घाला.

मोहोर_२२

आणल्या आणल्या कुंडी बदलायला हवी ना? नर्सरीची लाल माती तर दगडासारखी असते. तीन आठवडे तशीच ठेवली तर मुळं गुदमरतील.

जांभा_माती

मातीचं तुमचं बरोबर आहे, पण घाई नको. एकाच वेळी जागाही बदलली आणि मुळंही दुखावली तर पानं दुप्पट गळतात. तीन आठवडे थांबून मग बदला, आणि शक्य असेल तर जून-जुलैत. एकच अपवाद: पाणी घातल्यावर गोळा चिखलासारखा होत असेल आणि कुजका वास येत असेल तर त्याच दिवशी बदला. कुज थांबत नसते.

गोळा फोडायचा नाही. पिशवीसकट बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, मग पिशवी कापा आणि बाहेरची बोटभर जाडीची माती बोटांनी हळूहळू सोडवून पाण्यात पडू द्या. आतला गाभा तसाच ठेवा. क्रोटनची बारीक मुळं ठिसूळ असतात, ओढली की तुटतात.

मिश्रण मापाने: लाल माती किंवा बागेची हलकी माती २ भाग, चाळलेलं गांडूळखत १, भिजवून पिळलेलं कोकोपीट १, जाडी वाळू किंवा विटांचे वाटाण्याएवढे तुकडे १. काळी माती नको. ती पाणी धरून ठेवते, आणि बहुधा अल्कधर्मी असते. क्रोटनला किंचित आम्ल माती लागते, सामू (पीएच) ५ ते ६.५. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत तो फोफावतो याचं अर्धं कारण सामू आणि अर्धं निचरा. कुंडी आधीच्यापेक्षा दोनच इंच मोठी घ्यावी. फार मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि कुज तिथूनच सुरू होते. बदलल्यावर सहा आठवडे खत नाही.

कठडा_तिसरा_मजला

आरओचं जे पाणी वाया जातं ते झाडांना घालते. क्रोटनच्या पानांच्या कडा तपकिरी होतायत. त्याचाच परिणाम असेल?

बोअरचे_पाणी

जवळजवळ नक्कीच. आरओ मशीन क्षार वेगळे काढून जे पाणी बाहेर टाकतं त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. जमिनीतल्या झाडाला ते पावसात धुऊन जातात, कुंडीत साठत राहतात. मातीवर किंवा मातीच्या कुंडीच्या बाहेर पांढरी पूड दिसत असेल तर शंका घेऊ नका. बोअरच्या जड पाण्यानेही हेच होतं.

आधी वरची इंचभर माती काढून टाका. मग कुंडीच्या आकाराच्या तिप्पट साधं पाणी हळूहळू ओता, खालून मोकळं वाहून जाऊ द्या, ताटलीत साचलेलं लगेच फेका. पावसाळ्यात चांगला पाऊस असताना दोन दिवस कुंडी बाहेर ठेवली तर तेच काम फुकटात होतं. जळालेल्या कडा परत हिरव्या होणार नाहीत. नवी पानं स्वच्छ येतात की नाही ते बघायचं.

जड पाण्याचा दुसरा परिणाम लोहाची कमतरता, आणि क्रोटनमध्ये ती ओळखायला लोक चुकतात, कारण पान मुळातच पिवळं-हिरवं. खूण सांगतो. पेट्रासारख्या जातीत शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा असतो. लोह कमी पडलं की उलटं होतं, शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट पिवळा, आणि तेही सगळ्यांत कोवळ्या पानांवर आधी. चिलेटेड लोह अर्धा ग्रॅम १ लिटर पाण्यात, संध्याकाळी पानांवर, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. पाणी बदललं नाही तर हा उपाय तात्पुरताच.

मोहोर_२२

खताचं प्रमाण कुणी सांगेल का? ताक, कांद्याच्या सालीचं पाणी असं बरंच वाचलंय.

पानरंगी

फेब्रुवारी ते ऑक्टोबर: १० इंची कुंडीला महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत, वरची माती खुरप्याने हलवून. त्याच्या जोडीला १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, ओल्या मातीत. कोरड्या मातीत घातलं तर मुळं जळतात. थंडीत काहीही नाही. ताकाने आणि कांद्याच्या पाण्याने रंग वाढत नाही, मुंग्या आणि चिलटं मात्र येतात. पानं चमकवायला दूध किंवा खोबरेल तेलही लावू नका, त्यावर धूळ बसते आणि रंध्रं बुजतात. ओल्या सुती फडक्याने आठवड्यातून एकदा दोन्ही बाजूंनी पुसा.

कीड_निरीक्षक

किडींबद्दल. क्रोटनवर चार मुख्य: लाल कोळी, पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि फुलकिडे. यातला लाल कोळी सगळ्यांत वाईट, कारण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

फेब्रुवारी ते मे, हवा कोरडी असताना, पानांची चमक जाते. पान धुळकट दिसतं, आणि लोक धूळच समजतात. पुसून बघा. धूळ असेल तर चमक परत येते. कोळी असेल तर पुसल्यावरही सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके उरतात. मग पांढरा कागद पानाखाली धरून पानावर टिचकी मारा आणि अर्धा मिनिट कागदाकडे बघत राहा. मिरपुडीच्या कणाएवढे ठिपके चालायला लागले तर तो कोळी. त्यावरून बोट फिरवल्यावर लालसर रेघ उमटते. पानाच्या देठाशी आणि शिरांच्या बेचक्यात बारीक जाळंही दिसेल.

पहिला उपाय पाणी. झाड आडवं धरून पानांच्या खालच्या बाजूला पिचकारीचा जोरदार फवारा, तीन दिवसांनी एकदा, असं चार वेळा. मग नीमतेल ५ मिली आणि पातळ साबण २ मिली, १ लिटर कोमट पाण्यात. आधी तेल आणि साबण एकत्र घोटून घ्या, मग पाणी घाला, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानावर एका जागी साचून डाग पाडतं. फवारणी ऊन उतरल्यावरच. दर पाच दिवसांनी तीनदा तरी हवी, कारण फवाऱ्याने अंडी मरत नाहीत आणि गरम हवेत आठवड्याभरात नवी पिढी तयार होते. एकदा फवारून थांबणं म्हणजे न फवारल्यासारखंच.

पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम हेही चालतं. पण पारा ३२ च्या वर असताना नको, आणि नीमतेलानंतर तीन आठवडे नको, पानं भाजतात. इमिडाक्लोप्रिडने कोळी मरत नाही. उलट कोळ्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि तो वाढतो. दुकानदार देतात म्हणून घेऊ नका.

पिठ्या ढेकूण पानांच्या बगलेत कापसासारखा बसतो. कापसाच्या बोळ्याला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक पुसून काढा आणि आठवड्याने पुन्हा बघा. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी मुंग्यांचा बंदोबस्त, कारण त्या गोड चिकट द्रवासाठी ढेकणांची राखण करतात आणि त्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. खवले कीड मधल्या शिरेवर तपकिरी फोडांसारखी दिसते. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढणं हाच खरा उपाय, कवचामुळे औषध आत जात नाही. पानांवर काळी काजळी दिसली तर वरच्या पानांवर यांपैकी कोणीतरी बसलंय असं समजा.

ठाण्याची_बाल्कनी

पावसाळ्यात पानांवर गोल तपकिरी डाग येतात, भोवती पिवळं वलय. ही पण कीड?

कीड_निरीक्षक

ही बुरशी. पानं रात्रभर ओली राहिली की येते. डागाळलेली पानं काढून कचऱ्यात टाका, कुंडीत नको. कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा. वाढतच असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २.५ ग्रॅम, पावसाची उघडीप बघून, दहा दिवसांनी दोनदा.

आंबेडोह

एक सूचना सगळ्यांसाठी. क्रोटन एरंडाच्या कुळातला आहे. पान तोडलं की चीक येतो, तो कातडीला लागून खाज आणि पुरळ उठू शकतं, डोळ्यात गेला तर जास्त त्रास. पान चावलं तर तोंडाची आग आणि उलट्या होतात. रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर. छाटताना हातमोजे घाला. कपड्यावर पडलेल्या चिकाचा तपकिरी डाग निघत नाही.

नावाबद्दलही सांगतो. शास्त्रीय अर्थाने हा क्रोटन नाहीच. लिनियसने १७५३ मध्ये त्याला क्रोटन व्हेरिगेटम म्हटलं, पुढे तो कोडियम या वेगळ्या प्रजातीत गेला, बोलण्यात मात्र जुनं नाव राहिलं. खऱ्या क्रोटन प्रजातीतलं आपल्या ओळखीचं झाड म्हणजे जमालगोटा. कोडियम मूळचा इंडोनेशिया-मलेशियापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंतचा. दमट आणि उबदार हवा त्याला का लागते ते यावरून कळतं.

कठडा_तिसरा_मजला

पाणी बदललं, नवी पानं खरंच स्वच्छ आली, आभार. आता झाड खालून बोडकं आणि वर झुपका असं झालंय. छाटू की गुटी बांधू? आणि एक पान पाण्यात ठेवलंय, त्याला मुळं फुटलीत. त्याचं झाड होईल का?

कलमवाला

पानाचं झाड होणार नाही. क्रोटनचं पान मुळं धरतं आणि वर्षभरसुद्धा टवटवीत राहतं, पण त्यात डोळा नसतो, त्यामुळे कोंब कधीच येत नाही. बियांपासून आईसारखं झाड मिळत नाही, रंग-आकार सगळे वेगळे निघतात. जात राखायची तर छाट कलम (कापलेला शेंडा रुजवणं) किंवा गुटी (फांदीला झाडावरच मुळं आणून मग ती कापून लावणं). बोडक्या झाडाला गुटीच बांधा: वरच्या झुपक्याचं नवं झाड मिळतं, आणि खालचं खोड कापल्यावर फुटवे येऊन तेही भरतं.

वेळ जून ते ऑगस्ट. शेंड्यापासून २५ ते ३० सेंटीमीटर खाली, पेन्सिलीएवढी जाड आणि तपकिरी व्हायला लागलेली फांदी निवडा. तिथली चार-पाच पानं काढा. धारदार ब्लेडने फांदीभोवती एक गोल चीर, तिच्याखाली अडीच सेंटीमीटरवर दुसरी, आणि दोन्हींना जोडणारी उभी चीर. साल बांगडीसारखी सुटून येते. लगेच पांढरा चीक ओघळायला लागतो. तो ओल्या फडक्याने टिपत राहा, दहाएक मिनिटांत थांबतो. आता उघड्या लाकडावर बोट फिरवा. बुळबुळीत लागेल. तो बुळबुळीत थर ब्लेडच्या पाठीने खरवडून लाकूड कोरडं-खरखरीत होईपर्यंत काढायचा. बहुतेकांची गुटी इथेच फसते, कारण तो थर राहिला तर झाड दोन्ही साली पुन्हा जोडून घेतं आणि मुळं येतच नाहीत.

वरच्या चिरेच्या कडेला मुळं फुटण्याची पावडर लावा, आयबीए ३००० पीपीएमची. मुळं वरच्या कडेतूनच येतात, खालच्या नाही. स्फॅग्नम मॉस (सुकवलेलं शेवाळ) तासभर भिजवून घट्ट पिळा. मुठीत दाबल्यावर थेंब पडता कामा नये. संत्र्याएवढा गोळा जखमेभोवती बसवा, पारदर्शक प्लास्टिकने गुंडाळा, दोन्ही टोकं सुतळीने इतकी आवळा की पावसाचं पाणी आत शिरणार नाही. ऊन लागत असेल तर वरून कागद बांधा.

चार ते सहा आठवड्यांत मुळं दिसतात. त्यांची जाळी होऊन रंग पिवळसर-तपकिरी आल्यावर खालच्या गाठीच्या अर्धा इंच खाली सिकेटरने कापा, प्लास्टिक काढा, मॉस तसाच ठेवून ६ इंची कुंडीत लावा.

छाट कलमाचं थोडक्यात: १२ ते १५ सेंटीमीटरचा शेंडा, वर चार पानं ठेवा, मोठी असतील तर अर्धी कापा. कापलेलं टोक दहा मिनिटं पाण्यात धरलं की चीक थांबतो. पावडर लावून कोकोपीट आणि वाळू समप्रमाणात, वरून पारदर्शक पिशवी. गुटीइतकी खात्री नाही, पण एका झाडातून जास्त रोपं होतात.

पानरंगी

कलमवाले दादांच्या लिहिण्यात एक भर. झाडावर एखादी फांदी पूर्ण हिरवी निघाली तर ती बुडापासून काढा. तिच्यात हरितद्रव्य जास्त, म्हणून ती जोमाने वाढते आणि रंगीत फांद्यांना दाबून टाकते. आणि एखादी फांदी वेगळ्याच सुंदर रंगाची निघाली तर तिचीच गुटी बांधा. क्रोटनच्या काही जाती अशाच फांद्यांवरून आल्या आहेत.

कठडा_तिसरा_मजला

बांधून पाच आठवडे झाले. प्लास्टिकमधून चार-पाच पांढरी मुळं दिसतायत. कापू का?

कलमवाला

अजून नको ताई. पांढरी मुळं कोवळी असतात, कुंडीत लावताना तुटतात आणि मग सगळी पानं लोंबतात. मुळांना फाटे फुटून गोळ्याभोवती जाळी होऊ द्या, रंग पिवळसर-तपकिरी येऊ द्या. त्याला दहा-बारा दिवस लागतील. तोवर मॉस फिकट आणि कोरडा दिसला तर इंजेक्शनच्या सिरिंजने १० मिली पाणी वरच्या गाठीतून आत सोडा.

कापून लावल्यावर निम्मी पानं काढा, कुंडीवर पारदर्शक पिशवी घाला आणि सावलीत ठेवा. दोन आठवड्यांनी पिशवी रोज तासभर उघडायची, मग दोन तास. तरी पानं लोंबली तर पाणी वाढवू नका. मातीत ओल असते, ती ओढून घ्यायला मुळं पुरी पडत नाहीत एवढंच. खालचं खोड जमिनीपासून वीतभर ठेवून, एका डोळ्याच्या वर तिरकं कापा.